गैरहजर पक्षकार : छागलांचा राजीनामा पुन्हा वाचताना

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त वकील घर सोडून मुलाकडे राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी पुस्तकांचे दोन खोके जिन्यात आणून ठेवले आणि मला म्हणाले, "रद्दीवाला संध्याकाळी येईल, त्याआधी हवं ते ने रे." पुरावा कायद्याच्या जुन्या आवृत्त्या माझ्या काय कामाच्या? मी एकच पुस्तक उचललं. 'रोझेस इन डिसेंबर', महमदअली करीम छागलांचं आत्मचरित्र, भारतीय विद्या भवनने १९७३मध्ये काढलेलं. काकांच्या पेन्सिलीच्या खुणा जवळजवळ सगळ्या जिन्नांच्या पानांवर होत्या.

यात नवल नाही. हे पुस्तक बहुतेकांनी जिन्नांसाठीच वाचलंय. छागला तरुणपणी जिन्नांच्या चेंबरमध्ये होते, आणि निवडणुकीच्या धामधुमीत रत्ती जिन्ना नवऱ्यासाठी टाउन हॉलवर हॅम सँडविच घेऊन आल्या तो किस्सा इतक्या ठिकाणी उद्धृत झालाय, की मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही तो माहीत असतो. पण माझं अडलं ते पुस्तकाच्या उत्तरार्धात. सप्टेंबर १९६७च्या पहिल्या आठवड्यात भारताचा परराष्ट्रमंत्री राजीनामा देतो. कारण परराष्ट्र धोरणाचं नाही, युद्धाचं नाही, पक्षांतर्गत भांडणाचंही नाही. विद्यापीठांतलं शिक्षण इंग्रजीऐवजी प्रादेशिक भाषांमधून, तेही पाच वर्षांत, द्यायचं सरकारने ठरवलं म्हणून हा माणूस मंत्रिपद सोडतो.

मी दहावीपर्यंत तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलो. अकरावी सायन्सच्या पहिल्या आठवड्यात भौतिकशास्त्राचे सर 'अ‍ॅक्सलरेशन' म्हणाले आणि वर्गातल्या आम्ही आठ-दहा जणांनी वहीत देवनागरीत तो शब्द लिहून घेतला. त्वरण म्हणजे काय हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्यावरची गणितं आम्ही सोडवली होती. पण अ‍ॅक्सलरेशन म्हणजे त्वरण हे समजायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत सर दोन धडे पुढे गेले होते. आमच्यातले तिघे दिवाळीपर्यंत आर्ट्सला गेले. ते माझ्यापेक्षा मठ्ठ होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्यामुळे हा राजीनामा मला वकीलकाकांसारखा परक्याची गोष्ट म्हणून वाचता येत नाही.

वकिलाचं आत्मचरित्र

आधी माणूस. छागलांचा जन्म १९००चा, मुंबईतल्या खोजा कुटुंबात. मूळ आडनाव मर्चंट. पैशाचा वास येणारं ते नाव टाकून त्यांनी छागला हे नाव घेतलं. सेंट झेवियर्स, मग ऑक्सफर्डचं लिंकन कॉलेज, मग १९२२मध्ये बॅरिस्टरी आणि मुंबई हायकोर्ट. जिन्नांचं चेंबर, मुस्लिम लीगचं काम. १९२८मध्ये जिन्ना युरोपात असताना छागलांनी लीगच्या वतीने नेहरू अहवालाला पाठिंबा दिला, आणि परत आलेले जिन्ना संतापले. तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. त्याच सुमारास छागला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते. डॉ. आंबेडकर तिथे त्यांचे सहकारी होते.

१९४१मध्ये न्यायाधीश, १९४७ ते १९५८ मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. १९४७मध्येच थोडा काळ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत म. म. पां. वा. काणे आले. १९५८मध्ये मुंदडा प्रकरणाची एकसदस्यीय चौकशी. आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये एका सट्टेबाज उद्योजकाच्या कंपन्यांत कसे गेले, हे त्यांनी भर सभेत, लोकांसमोर तपासलं आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं. आज चौकशी आयोगाला मुदतवाढीशिवाय जेवण जात नाही. त्या पार्श्वभूमीवर हे वाचताना थोडा हेवाच वाटतो. मग अमेरिकेत राजदूत, लंडनला उच्चायुक्त, १९६३ ते १९६६ केंद्रीय शिक्षणमंत्री, आणि शेवटी परराष्ट्रमंत्री.

पुस्तकाचा गुण आणि दोष एकच आहे. ते उत्तम वकिलाने लिहिलंय. वाक्यं स्वच्छ, मुद्दे ओळीने लावलेले, कुठेही फाफटपसारा नाही. प्रत्येक प्रकरणात एक वाद असतो, छागलांची एक बाजू असते, आणि प्रकरण संपताना निकाल त्यांच्या बाजूने लागलेला असतो. आपण चुकलो असू, ही शंका फार क्वचित डोकावते. मराठीत 'स्मृतिचित्रे' वाचून वाढलेल्या वाचकाला इथे घर, स्वयंपाकघर, रुसवेफुगवे सापडणार नाहीत. सार्वजनिक माणसाने सार्वजनिक कामाचा दिलेला हा हिशेब आहे, आणि हिशेब म्हणून तो प्रामाणिक आहे. पण वकिलाची एक सवय या लेखनात मुरलेली आहे. समोर जो पक्षकार उभा आहे, त्याचं ऐकायचं. जो कोर्टात आलाच नाही, त्याचा विचार करणं हे कोर्टाचं काम नसतं.

दोन निकाल, एक संगमरवरी फलक

भाषेचा प्रश्न छागलांपुढे मंत्री होण्याआधीच येऊन गेला होता. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, जानेवारी १९५४मध्ये, सरकारने एक परिपत्रक काढलं. ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशांची, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांची मुलं सोडून, इतर कुणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे प्रवेश देऊ नये. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली. तिच्याबरोबर दोन पालकही गेले, एक भारतीय ख्रिश्चन आणि एक गुजराती हिंदू. छागलांच्या खंडपीठाने परिपत्रक घटनाबाह्य ठरवलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही.

मला हा निकाल पूर्ण पटतो. इंग्रजी ही ज्यांच्या रक्तात आहे त्यांनीच शिकावी, बाकीच्यांनी मातृभाषेचा अभिमान बाळगत बाहेर थांबावं, असा त्या परिपत्रकाचा अर्थ होता. मातृभाषेचं प्रेम बंदी घालून वाढवायचं ही कल्पना तेव्हाही वाईट होती. २०१४मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती सरकारला करता येणार नाही. पालकाच्या निवडीची जी वाट आज हमरस्ता झाली आहे, तिच्या सुरुवातीच्या दगडांपैकी एक छागलांनी बसवलेला आहे.

दुसरा प्रसंग १९५६चा. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हायकोर्टाच्या ज्या दालनात १९०८मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली, त्याच्या बाहेर टिळकांचे शब्द कोरलेला संगमरवरी फलक लागला. त्याचं अनावरण मुख्य न्यायाधीश म्हणून छागलांनी केलं आणि तेव्हा प्रायश्चित्ताची भाषा वापरली. आपल्याच संस्थेच्या निकालाबद्दल असं जाहीरपणे बोलायला धैर्य लागतं.

पण तो खटला आठवून पाहा. आरोप होता 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेखांची इंग्रजी भाषांतरं करून ती त्यांच्यासमोर ठेवली गेली. टिळकांनी कित्येक तास उभं राहून जे सांगितलं, त्यातला मोठा भाग या भाषांतरांवर होता : अमुक शब्दाचा अर्थ असा होत नाही, मराठी वाचकाला हे वाक्य तसं ऐकू येत नाही. ते टिळकांना सांगावं लागलं इंग्रजीत. फलकावरचे शब्दही इंग्रजीच आहेत, कारण तेच ते बोलले होते. ज्याला आपल्या भाषेत लिहिल्याबद्दल शिक्षा झाली, त्याला बचाव दुसऱ्याच्या भाषेत करावा लागला. छागलांनी त्या निकालातला अन्याय पाहिला. त्या व्यवस्थेत भाषा कुणाच्या बाजूने उभी होती, हा प्रश्न त्यांच्या विचारात मला कुठे भेटत नाही.

आणखी एक योगायोग. १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यपालपदाचा तात्पुरता कार्यभार छागलांकडे होता. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी गोळ्या झेलून वर्षसुद्धा झालं नव्हतं. भाषा लोकांसाठी काय असते, हे त्यांनी राजभवनाच्या खिडकीतून तरी पाहिलं असणार.

शिक्षणमंत्री

शिक्षणमंत्री म्हणून छागलांची तीन वर्षं किरकोळ नव्हती. जुलै १९६४मध्ये कोठारी आयोग नेमला गेला तो त्यांच्या काळात. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचं कोल्हापूर-गारगोटीकडचं काम मराठी वाचकाला सांगायला नको. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं विधेयक १९६५मध्ये राज्यसभेत मांडलं ते छागलांनी. अलीगढमध्ये कुलगुरू अली यावर जंग यांच्यावर हल्ला झाल्यावर त्यांनी अध्यादेश काढून विद्यापीठाच्या कारभारात हात घातला आणि स्वतःच्या समाजातल्या मोठ्या वर्गाचा रोष ओढवून घेतला. कलम ४५चा अर्थ त्यांनी सांगितला तो आजही शिक्षणाच्या चर्चांमध्ये उद्धृत होतो : झोपड्या उभारायच्या, त्यांत न शिकलेले शिक्षक आणि वाईट पुस्तकं द्यायची आणि मुलांना कोंबलं की घटनेचं पालन झालं, असं घटनाकारांना अभिप्रेत नव्हतं. शाळा म्हणजे खरी शाळा हवी.

उच्च शिक्षण समवर्ती सूचीत आणावं, म्हणजे केंद्रालाही त्यात कायदे करता यावेत, असं त्यांना मनापासून वाटे. राज्यं तयार झाली नाहीत. ते झालं १९७६मध्ये, आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले छागला त्याच आणीबाणीविरुद्ध उभे होते. ऑक्टोबर १९७५मध्ये अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत त्यांनी केलेलं भाषण छापल्याबद्दल 'भूमिपुत्र' या गुजराती नियतकालिकावर कारवाई झाली होती. ज्या केंद्राच्या हाती शिक्षण सुरक्षित राहील असं त्यांना वाटत होतं, ते केंद्र काय करू शकतं हे त्यांनी स्वतःच पाहिलं.

राजीनामा

आता १९६७. कोठारी आयोगाने जून १९६६मध्ये अहवाल दिला तो शिक्षणमंत्री छागलांनाच. त्यात विद्यापीठीय शिक्षण साधारण दहा वर्षांत प्रादेशिक भाषांमध्ये न्यावं, इंग्रजी ही ग्रंथांची आणि विद्वानांच्या संपर्काची भाषा म्हणून चांगली शिकवावी, आणि काही अखिल भारतीय संस्थांत इंग्रजी माध्यम चालू राहावं, अशी मांडणी होती. पुढच्या वर्षी खासदारांच्या समितीने मुदत पाच वर्षांवर आणली. नवे शिक्षणमंत्री त्रिगुण सेन त्या बाजूचे होते. मंत्रिमंडळाने ते उचलून धरलं आणि छागला बाहेर पडले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. विद्यापीठं हा देशाला बांधणारा धागा आहे. मुंबईचा विद्यार्थी मद्रासला शिकू शकतो, कलकत्त्याचा प्राध्यापक पुण्यात शिकवू शकतो, कारण मध्ये एक भाषा आहे. हिंदी ती जागा घ्यायला तयार नाही, आणि त्याआधीच इंग्रजी काढली तर प्रत्येक राज्य आपापल्या भाषेत बंद होईल. पुस्तकं नाहीत, शिक्षक तयार नाहीत, दर्जा घसरेल. आणि हे सगळं घाईने.

या युक्तिवादाची चेष्टा करणं सोपं आहे. मी ती करणार नाही, कारण माझा रोजचा दिवस त्याचाच पुरावा आहे. सकाळी साडेदहाच्या मीटिंगला माझ्या टीममध्ये चेन्नईची एक मुलगी असते, गुवाहाटीचा एक मुलगा, कोचीचा मॅनेजर. आम्ही इंग्रजीत बोलतो. वाईट इंग्रजीत, पण बोलतो. छागलांनी ज्याला धागा म्हटलं तो हाच, आणि त्याच्यावर माझं घरभाडं चालतं. घाईबद्दलही त्यांचं बरोबर होतं. पाच वर्षांत परिभाषा, पाठ्यपुस्तकं आणि प्राध्यापक तिन्ही उभे करणं कुणालाच जमलं नसतं.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही, की छागलांनी हा प्रश्न कोर्टासारखा चालवला. त्यांच्यापुढे दोन पक्ष होते : विद्यापीठात पोचलेला, इंग्रजी येणारा विद्यार्थी, आणि त्याची भाषा काढून घेऊ पाहणारं सरकार. १९५४मध्येही तसेच दोन पक्ष होते, आणि तिथे हीच पद्धत योग्य ठरली, कारण सरकार खरंच एका मुलाचा दरवाजा बंद करत होतं. १९६७मध्ये मात्र तिसरा पक्षकार होता. जिल्ह्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, गणित येणारी आणि इंग्रजीच्या भिंतीशी थांबलेली मुलगी. मुंबईचा विद्यार्थी मद्रासला जाऊ शकतो हे छागलांना दिसलं. सोलापूर जिल्ह्यातली ती मुलगी सोलापूरच्या कॉलेजापर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हती, हे त्यांच्या युक्तिवादात येत नाही. देशाची एकता त्यांनी आडवी मोजली, एका राजधानीपासून दुसऱ्या राजधानीपर्यंत. उभी, म्हणजे एकाच गावातल्या दोन घरांमधली, मोजली नाही. ती मुलगी गैरहजर राहिली आणि निकाल एकतर्फी लागला.

यावर एक उत्तर येईल, आणि ते मी स्वतःलाच अनेकदा दिलंय. त्या मुलीला इंग्रजीच द्या ना! बाबासाहेबांच्या मागून आलेल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीकडे सुटकेची वाट म्हणून पाहिलं, ते काय उगाच? प्रादेशिक भाषा म्हणजे गावातल्या वरच्या आळीची भाषा, हा अनुभव खोटा नाही. हे मला मान्य आहे. पण मग त्या मुलीपर्यंत इंग्रजी नीट पोचवण्याची जबाबदारी इंग्रजी राखणाऱ्यांवर येते. खरी शाळा, शिकलेला शिक्षक, चांगलं पुस्तक, हे छागलांचंच म्हणणं होतं. त्यासाठी कुणी राजीनामा दिल्याचं मला आठवत नाही. छागलांनीही दिला नाही. ज्या शिक्षणमंत्र्याने झोपड्यांना शाळा म्हणू नका असं ठणकावलं, त्याने मंत्रिपद पणाला लावलं ते विद्यापीठाच्या माध्यमासाठी. तो त्यांच्या हयातीतला मोठा, निःस्वार्थ क्षण आहे, आणि त्यातच त्यांची नजर कुठवर पोचत होती ते कळतं.

पुढे काय झालं

पुढे दोघांचंही हरलं. पाच वर्षांत काही बदललं नाही, दहा वर्षांतही नाही. राज्यांना विद्यापीठ पातळीवरच्या पुस्तकांसाठी केंद्राने पैसे दिले, आपल्याकडे नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालं. त्याची काही पुस्तकं मी जुन्या ग्रंथालयांत पाहिली आहेत, कोरी, पानं न कापलेली. कला शाखा मराठीत आली, विज्ञान आणि अभियांत्रिकी इंग्रजीत राहिली, आणि शाळेत 'सेमी-इंग्लिश' नावाची तडजोड निघाली, ज्यात गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. म्हणजे मराठी कवितेची, इतिहासाची, भावनेची. पैसे देणारं सगळं इंग्रजीचं. भाषेची अशी वाटणी कोठारींनाही नको होती आणि छागलांनाही नसावी.

२०२१पासून काही अभियांत्रिकी महाविद्यालयांना मराठीतून शिकवायची परवानगी मिळाली. पुण्याजवळ कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मराठीतून सुरू झालं. बातमी वाचून आमच्या ऑफिसात हशा पिकला. 'लूपला काय म्हणणार, वळसा?' मीही हसलो. संध्याकाळी घरी येताना मात्र आठवलं, की रिकर्शन मला खरं कळलं ते हॉस्टेलच्या गच्चीवर. लातूरच्या एका मित्राने मराठीत समजावलं होतं : "आरशासमोर आरसा धर, पण कुठंतरी थांबायची अट घाल, नाहीतर मेमरी संपते." प्राध्यापकांच्या इंग्रजी स्लाइडवर तेच सगळं होतं. त्या गच्चीला कुठल्या विद्यापीठाने माध्यम म्हणून मान्यता दिली नव्हती, पण आमच्यातले निम्मे पास झाले ते तिथे.

छागलांच्या पुस्तकाबद्दल शेवटी माझं मत सांगायचं तर : ते जिन्नांसाठी वाचू नका. एक सचोटीचा, हुशार, निर्भय माणूस आपल्या तत्त्वासाठी सगळं सोडतो आणि तरीही त्याला अर्धा वर्ग दिसत नाही, हे कसं होतं ते पाहण्यासाठी वाचा. लबाड माणसाच्या चुकीतून काही शिकायला मिळत नाही. छागलांच्या चुकीतून मिळतं, कारण ती त्यांच्या गुणांतूनच आली आहे. १९८१मध्ये ते गेले. हायकोर्टात त्यांचा पुतळा आहे, टिळकांचा फलक आहे त्याच इमारतीत.

गेल्या महिन्यात माझी बहीण भाचीचा प्रवेश अर्ज घेऊन आली. 'तूच सांग, तू शिकलेला आहेस.' अर्जात 'माध्यम' असा रकाना होता. मी तिला अकरावीचे ते तीन दिवस सांगितले, आर्ट्सला गेलेल्या तिघांचं सांगितलं, मातृभाषेतून मूल जास्त नीट शिकतं हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तू काय लिहिलं असतंस?" मी पेन घेऊन 'इंग्रजी' लिहिलं. छागलांनी मिळवून दिलेला हक्क मी वापरला. मग भाचीला जवळ घेऊन, तिला काही कळत नसतानाच, त्वरण म्हणजे काय ते सांगत बसलो.